खेचरांची वाट, आगगाडीची वाट
पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन, सायकलने

पिट्सबर्ग आणि वॉशिंग्टन ही दोन शहरं आपल्यापैकी बहुतेकांना फक्त हायवेने माहीत आहेत. पेन हिल्सचं व्यंकटेश्वराचं मंदिर सत्तरच्या दशकात उभं राहिलं, तेव्हापासून पूर्व किनाऱ्यावरच्या किती मराठी कुटुंबांनी मागच्या सीटवर पेंगणारी मुलं आणि डिकीत पुरीभाजीचे डबे घेऊन तिकडे खेपा घातल्या असतील, त्याची मोजदाद नाही. वॉशिंग्टनहून चार-साडेचार तासांचा ड्राइव्ह. त्या चार तासांत ॲलेगेनी पर्वत आला कधी आणि गेला कधी, हे कळतही नाही. कळतो तो फक्त टोल.

याच दोन शहरांना जोडणारी आणखी एक वाट आहे. लांबी सुमारे ३३५ मैल, म्हणजे ५४० किलोमीटरच्या आसपास. एका टोकाला वॉशिंग्टनचं जॉर्जटाउन, जिथे पोटोमॅक नदीत समुद्राच्या भरतीचं पाणी चढतं. दुसऱ्या टोकाला पिट्सबर्ग, आणि दोहोंच्या मध्ये ॲलेगेनीचा डोंगरमाथा. गावातून जाताना रस्त्याला लागणारे काही लहान तुकडे आणि रस्ता ओलांडायच्या जागा सोडल्या, तर या वाटेवर मोटारींना मज्जाव आहे. चालणारे, पळणारे आणि सायकलवाले, एवढीच रहदारी. वाट डांबरी नाही. अर्ध्या भागात चुनखडीची बारीक कच रोलर फिरवून बसवलेली आहे, उरलेल्या भागात माती आणि खडी. आपल्याकडचा मुरमाचा चांगला रस्ता डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झालं. अशा रस्त्यांवर सायकल चालवण्याला इथे 'ग्रॅव्हल बाइकिंग' म्हणतात आणि अलीकडे त्याची मोठी हौस निर्माण झाली आहे.

२०२४ च्या सप्टेंबरात, गौरी-गणपती आटोपल्यावर, आम्ही चौघं ही संपूर्ण वाट सायकलने आलो. चौघं म्हणजे मी, आमचे हे आणि बाल्टिमोरचं एक मित्र-जोडपं. चौघांनीही साठी ओलांडलेली. रोज तीस ते पंचेचाळीस मैल, असे नऊ दिवस. शेवटच्या शनिवार-रविवारी मुलगी आणि नऊ वर्षांचा नातू येऊन मिळाले. आल्यापासून मंडळाच्या कार्यक्रमात जो तो विचारतो, "अहो, या वयात? आणि गुडघ्यांचं काय?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं, म्हणून हा लेख. पण गुडघ्यांपेक्षा मोठी गोष्ट मला सांगायची आहे. ही वाट इथे आपोआप राहिलेली नाही. ती दोनदा मेली होती, आणि एकदा तिच्यावरून मोटाररस्ता जाता जाता राहिला.

एका दिवशी दोन मुहूर्त

४ जुलै १८२८. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी वॉशिंग्टनजवळ एका कालव्याचं पहिलं फावडं मारलं. कालव्याचं नाव चेसापीक अँड ओहायो. किनाऱ्यावरून निघून डोंगर ओलांडायचा आणि पिट्सबर्गला ओहायो नदी गाठायची, हा बेत. नेमक्या त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची पायाभरणी झाली. ती चार्ल्स कॅरल यांच्या हस्ते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी तेव्हा हयात असलेले ते एकटेच. म्हणजे एकाच दिवशी, एकाच प्रदेशात, एकाच पर्वताकडे निघालेले दोन प्रतिस्पर्धी!

शर्यत रेल्वेने जिंकली. कंबरलँड या डोंगराच्या पायथ्याच्या गावी रेल्वे १८४२ मध्ये पोचली, तर कालवा १८५० मध्ये. आयरिश, वेल्श, इंग्लिश आणि जर्मन मजुरांनी तो खणला. घर सोडून समुद्रापलीकडे आलेली ती माणसं. १८३२ च्या कॉलऱ्यात त्यांतले कितीतरी कालव्याच्या काठीच गेले. कंबरलँडला पोचेपर्यंत पैसा संपला आणि इच्छाही. पिट्सबर्ग राहिलंच.

तरी कालव्याने पुढे पाऊणशे वर्षं कोळसा वाहिला. बोट पाण्यात आणि तिला दोराने ओढणारी खेचरं काठावरच्या वाटेने. बोटीवर बहुधा एकच कुटुंब राहायचं. नवरा सुकाणूवर, बायको स्वयंपाक आणि मुलं दोन्ही सांभाळायची, आणि जरा मोठी झालेली मुलं खेचरांबरोबर चालायची. जॉर्जटाउनपासून कंबरलँडपर्यंतचा ६०५ फुटांचा चढ ७४ लॉकमधून पार केला जातो. लॉक म्हणजे पाण्याच्या जिन्याची एक पायरी. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरायचं, बोट वर उचलली जाते. प्रत्येक लॉक सांभाळायला माणूस असे आणि त्याला तिथेच घर. त्यांतली पांढऱ्या भिंतींची काही छोटी घरं आजही वाटेवर दिसतात. १८८९ चा महापूर, मग १९२४ चा. त्या दुसऱ्या पुरानंतर कालवा कायमचा बंद झाला.

आणि जिंकलेल्या रेल्वेचं काय? डोंगरातून पिट्सबर्गकडे जाणारे एकाहून जास्त मार्ग झाले होते. त्यांतल्या वेस्टर्न मेरिलंड रेल्वेने आपला डोंगरातला मार्ग १९७५ मध्ये बंद केला. म्हणजे आज आपण पिट्सबर्गहून निघतो ते मुख्यतः मेलेल्या आगगाडीच्या वाटेने, आणि कंबरलँडपासून पुढे येतो ते मेलेल्या कालव्याच्या काठाने. पहिल्या भागाचं नाव ग्रेट ॲलेगेनी पॅसेज, १५० मैल. दुसऱ्या भागाला सगळे 'सी अँड ओ'च म्हणतात, साडेएकशेचौऱ्याऐंशी मैल. पॅसेजचा पहिला तुकडा ओहायोपाइल गावाजवळ १९८६ साली खुला झाला आणि पिट्सबर्गच्या टोकाचा शेवटचा तुकडा २०१३ साली. १८२८ मध्ये निघालेला कालवा पिट्सबर्गला पोचू शकला नाही. १८५ वर्षांनी सायकलची वाट मात्र पोचली.

न दमवणारा घाट

आता गुडघ्यांबद्दल. आगगाडीला फार चढ चालत नाही, हे आपल्याला खंडाळ्याच्या घाटाने शिकवलं आहे. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांना १ फूट, आणि तेवढ्यासाठीसुद्धा मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. ॲलेगेनीवरच्या या मार्गाचा सर्वांत कडक चढ ५७ फुटांना १ फूट, तोही कंबरलँडकडून येणाऱ्याला. पिट्सबर्गकडून निघालं तर शंभराला एक फूटही नाही. वाट वर चाललीये हे पायांना समजत नाही. समजतं ते नदीच्या आवाजावरून. पहिल्या दिवशी शांत असलेली नदी तिसऱ्या दिवशी दगडांवरून खळाळत असते.

त्या नदीचं स्पेलिंग वाचून घाबरू नका. उच्चार 'यॉकगेनी' असा काहीतरी, आणि स्थानिक लोक तेवढेही कष्ट घेत नाहीत, नुसतं 'यॉक' म्हणतात. पिट्सबर्गमधून बाहेर पडताना होमस्टेड लागतं. १८९२ मध्ये पोलाद कामगारांचा प्रसिद्ध संप आणि गोळीबार झाला, ते हे गाव. पुढे कितीतरी मैल जुन्या कोळशाच्या खाणींचा प्रदेश. खाणीतून पाझरणाऱ्या पाण्याने खडक नारिंगी झालेले दिसतात. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडचे कितीतरी इंजिनियर याच पिट्सबर्गच्या कारखान्यांच्या भरवशावर इथे आले. आमचे मित्र त्यांतलेच. त्यांनी होमस्टेडला सायकल उभी केली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

ओहायोपाइलला नदीचा धबधबा आहे. तिथून जवळच फ्रँक लॉइड राइटचं 'फॉलिंगवॉटर' हे ओढ्यावर बांधलेलं जगप्रसिद्ध घर आहे. पण तिथे जाणारा चढाचा रस्ता मोटारींचा आहे, त्यामुळे सायकलने न गेलेलं बरं. कॉन्फ्लुअन्स, रॉकवुड, मायर्सडेल ही पुढची गावं छोटी. मायर्सडेलच्या अलीकडे कॅसलमन नदीच्या खोऱ्यावरून जाणारा १,९०८ फूट लांबीचा जुना रेल्वे पूल लागतो. खाली शेतं, नदी, चालू असलेली रेल्वेलाइन आणि हायवे. हायवेवरच्या मोटारी काडेपेटीएवढ्या दिसतात. आमचे हे म्हणाले, "एरवी आपण त्या काडेपेटीत असतो."

मग येतो माथा. उंची २,३९२ फूट, म्हणजे लोणावळ्याहून थोडंसंच जास्त. पण जागेचं महत्त्व उंचीत नाही. इथे पाणी फुटतं. पलीकडे पडलेला थेंब यॉक, ओहायो, मिसिसिपी असं करत मेक्सिकोच्या आखाताला जातो. अलीकडे पडलेला पोटोमॅकमधून चेसापीकच्या उपसागरात. घाटमाथ्यावर वाढलेल्या माणसाला हे नवीन नाही. सह्याद्रीच्या धारेवरही एक सर कोकणात उतरते आणि दुसरी कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागराकडे निघते. तरीही सायकलच्या एका चाकाचं पाणी एका समुद्राचं आणि दुसऱ्या चाकाचं दुसऱ्या समुद्राचं, ही कल्पना काही सुटेना. आम्ही तिथे उभं राहून दशम्या खाल्ल्या.

माथ्यानंतर लगेच बिग सॅव्हेज नावाचा बोगदा, ३,२९४ फूट लांब. आत दिवे आहेत. हिवाळ्यात तो बंद ठेवतात. बोगद्यातून बाहेर पडलं की समोर मेरिलंडच्या डोंगरांच्या रांगांमागे रांगा, आणि तिथून कंबरलँडपर्यंत वीसेक मैल उतारच उतार. वाटेत मेसन-डिक्सन रेषा ओलांडायची. १७६३ ते १७६७ या काळात आखलेली ही सीमा पुढे गुलामगिरी असलेल्या आणि नसलेल्या राज्यांमधली रेघ म्हणून ओळखली गेली. आज तिथे एक खूण आहे आणि फोटो काढणाऱ्यांची छोटीशी रांग.

सीताफळाचा भाऊ

कंबरलँडपासून वाटेचा स्वभाव बदलतो. इथून पुढे खेचरांची वाट. जागोजाग खड्डे, झाडांची मुळं, आणि पाऊस पडला असेल तर चिखल. मडगार्ड नसेल तर पाठीवर रांगोळी! अलीकडच्या वर्षांत बऱ्याच भागांत नवीन कच टाकल्याने वाट पूर्वीपेक्षा पुष्कळच सुधारली आहे. एका बाजूला पोटोमॅक, दुसऱ्या बाजूला कालव्याचा चर. कुठे त्यात पाणी आणि पाण्यात ओंडक्यावर ओळीने बसलेली कासवं, तर कुठे चरातच मोठाले वृक्ष उगवलेले. नदीकाठचा निळा बगळा आम्हाला नऊपैकी पाच दिवस भेटला. तो एकच होता अशी आमच्या मैत्रिणीची खात्री आहे.

या भागातला सर्वांत विलक्षण प्रकार म्हणजे पॉपॉ बोगदा. नदीची वळणं टाळण्यासाठी डोंगर पोखरून कालवाच आतून नेला आहे. लांबी ३,११८ फूट. काम सुरू झालं १८३६ मध्ये, आणि संपायला चौदा वर्षं लागली. आत दिवे नाहीत. एका बाजूला कठडा, कठड्याखाली काळंशार पाणी. सायकलवरून उतरायचं, टॉर्च लावायचा आणि चालायचं. लाकडी कठड्यावर दोर घासून पडलेल्या खाचा हाताला लागतात. किती खेचरं आणि किती पोरं त्या अंधारातून गेली असतील!

पॉपॉ हे नाव एका फळाचं आहे. आपली पपई ती वेगळी, घोटाळा करू नका. हे झाड मूळ उत्तर अमेरिकेचं आणि कुळ सीताफळाचं. पोटोमॅकच्या काठाने याची राईच्या राई आहे, आणि फळ पिकतं ते नेमकं सप्टेंबरात. बाहेरून हिरवट-पिवळं, ओबडधोबड, लहान आंब्याएवढं. एका मुक्कामावर शेजारच्या तंबूतल्या बाईंनी आम्हाला दोन पिकलेली फळं दिली. चमच्याने गर काढला आणि चौघंही एकदम म्हणालो, "सीताफळ!" थोडी केळ्याची चव, थोडी आंब्याची, पण पोत आणि वास सीताफळाचाच. बिया आणि साल मात्र खायची नाही. चाळीस वर्षं या देशात राहून आपल्या फळाचा सख्खा चुलतभाऊ घरापासून दीड-दोन तासांवर उगवतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? ताशी पासष्ट मैलांनी पॉपॉ दिसत नाही.

पुढे हँकॉक, विल्यम्सपोर्ट, शेपर्ड्सटाउन. मग हार्पर्स फेरी, जिथे शेनान्डोआ नदी पोटोमॅकला मिळते. जॉन ब्राउनने गुलामांना मुक्त करण्यासाठी १८५९ मध्ये इथल्या शस्त्रागारावर हल्ला केला होता. रेल्वे पुलाला जोडलेल्या पादचारी पुलाने गावात जाता येतं, पण सायकल खांद्यावर घेऊन जिना चढावा लागतो. इथे तरुण मंडळी बरोबर असल्याचा फायदा होतो.

न्यायमूर्ती चालत निघाले

आता त्या मोटाररस्त्याची गोष्ट. बंद पडलेला कालवा १९३८ मध्ये केंद्र सरकारने रेल्वे कंपनीकडून विकत घेतला. पन्नासच्या दशकात बेत असा होता की, या कालव्याच्या जागेवरून मोटारींसाठी निसर्गरम्य पार्कवे करावा. लोकांना गाडीत बसून नदी बघता येईल! जानेवारी १९५४ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने अग्रलेख लिहून या बेताला पाठिंबा दिला.

विल्यम डग्लस हे तेव्हा सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती होते. त्यांना चालायची विलक्षण आवड. त्यांनी वर्तमानपत्राला जाहीर पत्र लिहून संपादकांना आमंत्रण दिलं: माझ्याबरोबर ही सगळी वाट चालून या, आणि मग ठरवा. संपादकांनी आमंत्रण स्वीकारलं. २० मार्च १९५४ रोजी कंबरलँडहून मंडळी निघाली. वाटेत बर्फ, पाऊस, चिखल. निघताना पन्नासहून जास्त लोक होते. आठव्या दिवशी जॉर्जटाउनला पोचले तेव्हा संपूर्ण वाट चाललेले नऊच उरले होते. डग्लस त्यांत होते. पायांना फोड आलेल्या संपादकांनी परतल्यावर आपलं मत पुष्कळसं बदललं. पार्कवे मागे पडला. १९६१ मध्ये आयझेनहॉवर यांनी कालव्याचा काही भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला, आणि जानेवारी १९७१ मध्ये निक्सन यांच्या सहीने संपूर्ण कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

मला या गोष्टीतलं सगळ्यात काय आवडलं असेल तर ते हे, की डग्लस यांनी कोर्टाचा दबाव आणला नाही. "चालून बघा" एवढंच म्हणाले. जे डोळ्यांनी पाहिलं आणि पायांनी अनुभवलं, ते पुसून टाकायला हात धजत नाही.

आणि काम तिथे संपलं नाही. १९७२ च्या ॲग्नेस वादळात कालव्याची धूळधाण झाली, १९९६ मध्ये एकाच वर्षात दोन पूर आले. दर वेळी भिंती, पूल, वाट पुन्हा बांधली गेली, सरकारी पैशाने आणि लोकांच्या वर्गणीने. पश्चिमेकडच्या रेल्वेमार्गाचीही तीच कथा. लाइन बंद झाली की जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली जाते, आणि एकदा मधला तुकडा गेला की वाट कायमची तुटते. ते होऊ नये म्हणून १९८३ मध्ये कायद्यात तरतूद झाली की, बंद रेल्वेमार्ग अखंड राखून त्यावर तात्पुरती वाट करता यावी, म्हणजे पुढे लागलाच तर रेल्वेलाही परत मिळेल. पॅसेजवरच्या निरनिराळ्या वाटांच्या सात संस्था १९९५ मध्ये एकत्र आल्या आणि त्यांनी एकेक पूल, एकेक बोगदा जोडत नेला. आपण आज तीन तासांत सहज पार करतो, त्या टप्प्यामागे कुणाची तरी वीस-वीस वर्षं आहेत.

आई सायकलवर

शेवटच्या दिवशी ग्रेट फॉल्सच्या थोडं अलीकडे जावई माझ्या आईला घेऊन भेटायला आले. आई ऐंशीची. त्या वेळी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. पुणे म्हणजे सायकलींचं गाव, असं म्हणायचे त्या काळात ती कोथरूडहून रोज सायकलने शाळेत शिकवायला जायची. पुढे रहदारी वाढली, तिच्या बरोबरीच्या एका बाईंना ट्रकने उडवलं, आणि आईने सायकल सोडली ती सोडलीच. इथे आली की ती घरात अडकते. चालायला फुटपाथ नाही, गाडी येत नाही, आणि सगळ्यांना विचारावं लागतं, "मला जरा नेता का?"

त्या दिवशी ती नातीची सायकल धरून नुसती उभी होती. मग म्हणाली, "सीट खाली कर गं." आम्ही सगळ्यांनी एकदम नको नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. सपाट वाट, मोटार नाही, बाजूला तिचा पणतू आपल्या सायकलवर. दोघं पाऊण मैल जाऊन परत आली. तिने उतरताना माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला कुणी हॉर्न मारला नाही."

मंडळी, हायवेवर आपण सगळे एकाच वेगाने जातो, पण एकत्र नसतो. म्हातारी माणसं आणि मुलं तर तिथे निव्वळ सामान असतात, मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेलं. इथे ऐंशीच्या बाईला आणि नऊच्या पोराला सारखाच हक्क आहे. आपली मुलं रस्त्यावर सायकल चालवत नाहीत म्हणून आपण त्यांना आळशी म्हणतो. पण ती कुठे चालवणार, हे आपण कधी पाहिलं आहे का? नातवाने हार्पर्स फेरी ते जॉर्जटाउन ही साठ मैल वाट दोन दिवसांत पुरी केली. जॉर्जटाउनला कालवा नदीला मिळतो तिथे शून्याचा दगड आहे. तिथे त्याने पोटोमॅकचं पाणी चाखायचा हट्ट धरला, खारट आहे का बघायला. आम्ही बोटसुद्धा बुडवू दिलं नाही.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

सायकल: महागडी ग्रॅव्हल बाइक असलीच पाहिजे असं नाही. बेसमेंटमधली हायब्रिड किंवा माउंटन बाइक चालेल. टायर मात्र रुंद हवेत. पॅसेजला ३२ मिलिमीटरही पुरतात, पण सी अँड ओ साठी चाळीसच्या आसपास बरे. दोन जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान प्रत्येकाकडे असावं. आमच्या चौघांत मिळून तीन पंक्चर झाली. मधल्या बऱ्याच टापूत मोबाइल लागत नाही.

दिशा आणि दिवस: पिट्सबर्गहून निघालात तर चढ सौम्य आणि माथ्यानंतर उतार. सवय नसेल तर आठ-नऊ दिवस हाताशी ठेवा. सगळं एकदम नको असेल तर ओहायोपाइल ते कॉन्फ्लुअन्स आणि परत, सुमारे वीस मैल, हा एका दिवसाचा उत्तम टप्पा आहे. वॉशिंग्टनच्या मंडळींना ग्रेट फॉल्स जवळ पडेल. शिकागो-वॉशिंग्टन मार्गावरची ॲमट्रॅकची गाडी पिट्सबर्ग, कंबरलँड आणि हार्पर्स फेरी इथे थांबते. सायकलसाठी आधी आरक्षण करावं लागतं.

मुक्काम: गावांत मोटेल आणि घरगुती राहायच्या सोयी आहेत. कालव्याच्या काठाला दर पाच-सात मैलांवर तंबूसाठी जागा आहेत, २०२४ मध्ये त्यांना भाडं नव्हतं. तिथे हातपंप असतो, पण हिवाळ्यात तो बंद करतात. काही जुन्या लॉकघरांत आरक्षण करून रात्री राहता येतं.

खाणं: शाकाहारी मंडळींनी तहानलाडू-भूकलाडू बरोबर ठेवावेत. लहान गावांत पिझ्झा, बटाटा आणि चीज यांच्या पलीकडे फारसं काही मिळत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि गूळपापडीच्या वड्या यांनी आमचे नऊ दिवस निभावले. गूळपापडीला एका ओहायोवाल्याने 'एनर्जी बार' म्हणून दाद दिली आणि कृती लिहून घेतली.

शिस्त: वेग ताशी पंधरा मैलांच्या आत. पुढच्याला ओलांडताना घंटी वाजवा आणि डावीकडून जा. निघण्यापूर्वी बोगदे आणि वाट खुली आहे ना, याची चौकशी करा. पुरानंतर आणि दुरुस्तीसाठी काही भाग बंद असतात.

एक सूचना

डग्लस यांच्या त्या पायी प्रवासातूनच कालव्याची राखण करणाऱ्यांची एक संघटना उभी राहिली. ती आजही काम करते. तिच्या एका उपक्रमात संपूर्ण वाट लहान लहान टप्प्यांत वाटून दिली आहे. प्रत्येक टप्पा कुणीतरी आपला म्हणून घेतो, वर्षातून काही वेळा तो चालतो, कचरा उचलतो, पडलेलं झाड किंवा खचलेला काठ दिसला तर कळवतो. काही टप्पे एकेका कुटुंबाकडे आहेत, काही गटांकडे. नऊ दिवसांत आम्हाला वाटेवर असे काम करणारे तीन गट भेटले. त्यांत आपल्याकडचा चेहरा एकही नव्हता. आपल्याकडचे चेहरे दिसले ते ग्रेट फॉल्सला, धबधब्यासमोर फोटो काढताना.

दर कोजागिरीला आणि दर पिकनिकला आपण इथल्या पार्कांत जमतो. शेगड्या पेटवतो, खो-खो खेळतो आणि संध्याकाळी घरी जातो. त्यात गैर काहीच नाही. पण या देशात आपण चाळीस-पन्नास वर्षं राहिलो आहोत, आपली नातवंडं इथली आहेत. आता पाहुण्यासारखं वागून कसं चालेल? मंडळाने असा एक टप्पा आपल्याकडे मागून घ्यावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. फार नको, दोन-तीन मैल पुरे. वर्षातून चार शनिवार. आजी-आजोबांनी चालावं, मुलांनी सायकली आणाव्यात, डबे तर आपण आणतोच. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपली नावं मंडळाकडे नोंदवावीत. आईने पुण्याहून आपलं नाव आधीच कळवलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात ती येईल तेव्हा तिला सीट खाली केलेली सायकल हवी आहे.